थोरलीचा ब्लॉक

"हो हो, माझीच बायको," आमचे हे फोनवर म्हणाले आणि समोर बसून वाटाणे सोलणाऱ्या माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

बोलणं माझ्याबद्दल नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. माझ्याबद्दल बोलताना यांचा आवाज असा मऊ पडत नाही. माझ्याबद्दल म्हणजे "घरी नाहीये, ड्यूटीवर गेलीय," एवढंच. इथे मात्र हे खुर्चीतून उठून उभे राहिले होते, जसं काही पलीकडच्या माणसाला ते दिसणार होतं.

"गालाचा कॅन्सर, बरोबर. नाही हो, तिला कसलंही व्यसन नव्हतं. मी ओढायचो. ती नाही." मग जरा थांबून, "वापरा की. तिचं जे काही ठेवलं असेल ते वापरा. पण सगळं संपवू नका हं. थोडं राहू द्या."

फोन खाली ठेवून हे तसेच उभे. मी शेंगा सोलायला लागले, गरजेपेक्षा जास्त जोरात.

"कुणाचा फोन?"

मला माहीत होतं. फोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता आणि तो मी रोज ऐकते. आमच्याच हॉस्पिटलातली, आमच्याच मजल्यावरची पोरगी. जनुकं तपासायचं मशीन आलं तेव्हा तिची नेमणूक झाली, म्हणून तिला सगळे जीनवाली म्हणतात. मला ती काकू म्हणते. त्या बिचारीला काय ठाऊक, की ती ज्यांच्याशी बोलत होती ते या काकूचेच काका!

"तुमच्याच हॉस्पिटलातून होता," हे म्हणाले. "कसलासा अभ्यास चाललाय म्हणे. हिचा तुकडा अजून आहे तिथे."

हिचा! समोर मी बसलेय ढळढळीत, आणि हिचा म्हणजे तिचा, पहिलीचा.

तुकडा म्हणजे काय, ते मला कुणी समजावायला नको. पोटापाण्यासाठी मी तेच करते. ऑपरेशनमध्ये जे काढतात त्यातला छोटासा भाग मेणात बसवून ठेवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. मेणात तो वर्षानुवर्षं टिकतो. मी त्याच्या कागदाहून पातळ चकत्या कापते, काचेवर घेते आणि डॉक्टर त्या मायक्रोस्कोपखाली बघून रोग सांगतात. जुने ब्लॉक तळघरातल्या कपाटांत असतात. त्या तळघरात मी रोज उतरते. तिथे ती पण असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे घरात भिंतीवर ती, आणि कामावर जावं तर तिथेही आपली हजर!

थोरली गेली तेव्हा तिशीतली होती. मी पन्नाशी ओलांडली. तरी आमच्या नणंदबाईंच्या तोंडी ती थोरली वहिनी आणि मी धाकटी. माझे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, पण बढती काही मिळाली नाही. नणंदबाई वर सगळ्यांना सांगतात, "थोरली गोड होती आणि धाकटी समजूतदार आहे." समजूतदार! या शब्दाचा मला जेवढा राग येतो तेवढा शिवीचाही येत नाही. समजूतदार म्हणजे जिला काही द्यावं लागत नाही ती.

हे शिवणयंत्रं दुरुस्त करतात. थोरलीची ओळख त्यातूनच झाली. तिचं मशीन सारखं बिघडायचं आणि हे सारखे जायचे. नंतर तिनेच कबूल केलं म्हणे, की ती मुद्दाम दोरा अडकवून ठेवायची. ही गोष्ट यांनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी ऐकवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. मीही हसले. मला आयुष्यात काही मुद्दाम बिघडवता आलं नाही, हीच माझी चूक. ती आजारी पडली त्या दिवशी यांनी सिगारेट सोडली, ती कायमची. माझ्यासाठी यांनी अजून घोरणंसुद्धा सोडलेलं नाही.

"ती पोरगी म्हणाली, बघते," हे म्हणाले. "बघते म्हणजे काय गं?"

"बघते म्हणजे बघते."

"कापायचं तुझ्याच हातात असतं ना?"

"डॉक्टर सांगतील तसं कापायचं असतं. घरची भाजी आहे का ती?"

"तसं नाही गं. थोडं. एवढंसं ठेव." यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "तू मनावर घेतलंस तर होईल."

या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. चहा हवा असला तरी नुसतं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. आणि आज तोंड उघडून मागितलं ते तिच्यासाठी! माझ्या हातून शेंग अशी दाबली गेली की दाणे टेबलाखाली उडाले. हे वाकून गोळा करायला लागले.

"राहू द्या," मी म्हणाले. "राहू द्या म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मॅडमना गाठलं. मॅडम म्हणजे रोगनिदानाच्या मोठ्या डॉक्टर, अभ्यास त्यांचाच. ज्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही अशा बायकांना तोंडाचा कॅन्सर कसा झाला, त्यांचं नेमकं कोणतं जनुक बिघडलं, ते त्यांना जुन्या ब्लॉकमधून शोधायचं होतं.

"यातली एक आमच्या ह्यांची पहिली आहे," मी सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, मग तुम्ही नका कापू. मी दुसऱ्या कुणाला देते."

"नको. मीच कापते."

"नक्की?"

"नक्की."

"कमाल आहे तुमची," मॅडम म्हणाल्या. "किती समजूतदार आहात!"

घ्या! समजूतदार कसली डोंबलाची. मला तिला बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं बघायचंही नव्हतं, ती मला माझ्या हाताखाली हवी होती.

ह्यांचं मागणं मी मॅडमच्या कानावर घातलं, दातओठ खात घातलं, पण घातलं. मॅडम म्हणाल्या, "ब्लॉक जुना आहे. इतक्या वर्षांत आतल्या जनुकांचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे माल जरा जास्त लागेल. पण तेवढा निघाला की थांबा. उरलेलं राहू द्या त्यांच्यासाठी."

झालं. म्हणजे मॅडमसुद्धा तिच्याच बाजूच्या.

ब्लॉक आला. मेण पिवळं पडलं होतं आणि मध्ये ती, नखाएवढी, फिकट. मला काय अपेक्षा होती कोण जाणे. भिंतीवरच्या फोटोत ती टपोऱ्या डोळ्यांनी ओठ मिटून बघते, आणि मी रोज सकाळी तिच्याखाली केर काढते. हिच्यावर मी एवढी वर्षं जळत होते? एवढ्याशा हिच्यावर? पण गंमत बघा, ती एवढीशी आहे म्हणून माझा जळफळाट काही एवढासा झाला नाही.

ब्लॉक बर्फावर थंड केला आणि यंत्रात बसवला. पातं नवं घातलं. प्रत्येक ब्लॉकला नवं पातं हा आमच्याकडचा कडक नियम आहे. एकीचा कण दुसरीत गेला तर एकीचं दुखणं दुसरीच्या माथी बसायचं. पहिली चकती काढून रंग दिला आणि काच मॅडमकडे नेली. मॅडमनी मायक्रोस्कोपखाली बघत बघत काचेवर शाईने एक वर्तुळ काढलं.

"या, बघा," त्या म्हणाल्या. "वर्तुळाच्या आत सगळा ट्यूमर आहे. आणि बाहेर, कडेला ही पट्टी दिसते? हे गालाचं आतलं अस्तर. एकदम निरोगी. ते आपल्याला नको."

मी बघितलं. आत सगळं जांभळं, दाट, चेंगराचेंगरी झाल्यासारखं. बाहेर गुलाबी पट्टी, नीट थरावर थर.

हे वर्तुळ म्हणजे या कामातली मुख्य गोष्ट. बाकीच्या बिनरंगाच्या चकत्या या काचेशी जुळवून धरायच्या आणि वर्तुळात येईल तेवढंच खरवडून नळीत भरायचं. निरोगी भाग मिसळला तर बिघडलेलं जनुक त्याच्या गर्दीत लपून जातं. म्हणून बाहेरचं सगळं काचेसकट टाकून द्यायचं.

मी परत यंत्रावर बसले आणि चाक फिरवायला लागले. चकत्या एकमेकींना चिकटून फितीसारख्या येत होत्या. त्या कोमट पाण्यावर सोडायच्या, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायच्या. हात आपोआप चालतात. डोकं मात्र चालू राहतं. हे कुणाला मऊ आवाजात बायको म्हणतात, ते आठवत होतं. करंगळीचं टोक आठवत होतं.

लागणार होत्या तेवढ्या चकत्या झाल्या. ब्लॉकमध्ये अजून थोडं होतं. पातळ, पण होतं. चाकाला खीळ घालून ब्लॉक उतरवायचा आणि वर मेणाचा हात फिरवून ठेवून द्यायचा, झालं काम.

मी चाक फिरवलं.

मॅडमनी सांगितलं नव्हतं. जीनवालीने मागितलं नव्हतं. मी फिरवतच राहिले. फीत येत गेली, येत गेली, आणि मग जी यायला लागली ती नुसती मेणाची, कोरी. आमच्यात म्हणतात, ब्लॉक संपला.

"संपली," मी मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं.

वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. काचा वाळवल्या, एकेक करून वर्तुळातलं खरवडलं आणि नळी नेऊन दिली. जीनवाली खूश. "अय्या काकू, एवढं भरपूर! तुमच्यासारखं कुणी देत नाही."

मग खरवडलेल्या काचा डब्यात टाकायला लागले. शेवटची टाकताना हात थांबला. वर्तुळाच्या जागी आता आरपार काच होती. कडेची पट्टी तेवढी राहिली होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की ज्याने तिला खाल्लं ते सगळं नळीत गेलं. आणि जे फेकायचं म्हणतात, ते हे. ही ती.

का, ते विचारू नका, मी ती काच रंगात बुडवली, वर झाकणकाच चिकटवली आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

पण घरी जाताना त्या काचेचं नाव काढायचा माझा विचार नव्हता. उलट वाटेत मी एक वाक्य तयार केलं, चांगलं धार लावून. 'तुम्ही जे जपायला सांगत होतात ना, ती ती नव्हतीच. तो तिचा रोग होता. तिला मारणारं जपून ठेवत होतात तुम्ही.' यांनी एक शब्द जरी वावगा काढला असता, तरी मी ते फेकून मारणार होते.

बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं.

"झालं?"

"झालं."

"आहे का अजून?"

"नाही. संपली."

हे दाराची कडी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "तपासणीला लागली असेल सगळी."

इथे नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी चपला काढत राहिले.

"तू तरी काय करणार," हे म्हणाले. "तुझं कामच ते."

चिडले नाहीत. आत जाऊन दुरुस्तीला आलेल्या मशीनपुढे बसले. हातात स्क्रूड्रायव्हर, पण काम काही नाही. मी स्वयंपाकाला लागले. भांडी जरा जोरात आपटली, तरी वळून बघितलं नाही. बऱ्याच वेळाने तिथूनच म्हणाले, "त्या पोरीला मी विचारलं होतं, की माझ्या धुरामुळे झालं का, ते कळेल का. म्हणाली, एकेका बाईचं असं सांगता येत नाही अजून."

"बरोबर आहे तिचं."

"अजून नाही म्हणाली ना. म्हणून मला वाटलं, थोडी राहू दे. पुढेमागे कळायला लागलं तर?" यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आता काय, प्रश्नच मिटला."

मी गॅस बंद केला. म्हणजे करंगळीएवढं हे मागत होते ते यासाठी. मला वाटत होतं, आठवण म्हणून, लाड म्हणून. आणि हा माणूस घरभर धूर केल्याचा जाब इतकी वर्षं स्वतःलाच विचारत बसला होता, माझ्या शेजारी झोपून, घोरून. मला त्याचा पत्ता नाही. धार लावलेलं वाक्य तसंच राहिलं.

"ती उरली असती," मी म्हणाले.

"काय?"

"लागेल तेवढं निघालं होतं. थोडी उरत होती. मीच उरू दिली नाही."

हे माझ्याकडे वळले. "का गं?"

"का म्हणजे? अजून बायको म्हणता तिला. ही म्हणता. माझ्यादेखत. मी समोर बसून वाटाणे सोलतेय, आणि तुम्ही तिच्यासाठी उठून उभे राहता! माझा फोन आला तर कधी उठलात?"

"तुझा फोन आला की मी..." यांनी आठवून बघितलं. प्रामाणिक माणूस, काही आठवेना. "आणि तुला मी काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत. अगं म्हणता."

रडू येत होतं आणि ते भाजीत पडू नये म्हणून मी वर झाकण ठेवलं. हे उठून आले आणि नेहमीसारखे दारात उभे राहिले. या वेळी चहासाठी नव्हते, एवढं मला कळलं.

"उद्या दुपारी माझ्याकडे या, लॅबमध्ये," मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "ग्रीसचा शर्ट घालून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी हे आले ते लग्नाकार्याचा शर्ट घालून. दाढी केलेली, भांग पाडलेला. माझ्या अंगाची पुन्हा आग आग झाली. माझ्याकडे आजवर एकदाही असे नटून आले नव्हते. पण आले होते तर आता परत कसं पाठवणार? मॅडमना मी सगळं सांगितलं होतं, उरलेलं मीच संपवलं तेसुद्धा. त्या एवढंच म्हणाल्या, "दाखवा त्यांना."

जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती. मी मायक्रोस्कोपखाली काच लावली, पट्टी बरोबर मध्ये घेतली आणि फोकस जुळवला. हे स्टुलावर बसले, नखांत तेल राहिलेले हात मांडीवर घट्ट धरून.

"हात लावला तर चालेल?"

"लावा. काही होत नाही."

हे वाकले. "गुलाबी दिसतंय काहीतरी."

"तो तिचा गाल आहे, आतून."

"आणि रोग कुठे आहे?"

"इथे नाही. रोग सगळा काढून दिला. ही निरोगी बाजू आहे. इथे तिला काहीच झालेलं नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही. अगदी छान आहे."

हे बघत राहिले. मी मागे उभी होते. यांची मान, मानेवरचे पांढरे केस, इस्त्री केलेली कॉलर, सगळं मला दिसत होतं. माझ्याकडे कुणी इतका वेळ कधी बघितलं असेल, असं मला आठवत नाही.

"उजवाच ना हा?" मान वर न करता यांनी विचारलं.

"उजवा."

"उजव्याला खळी होती तिच्या. हसली की पडायची."

घ्या! एवढी वर्षं मी तिच्या डोळ्यांवर जळले, शिवणावर जळले, त्या अडकवलेल्या दोऱ्यावर जळले. आणि खळीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. फोटोत ती हसत नाही. आता एक खळी नव्याने वाढली माझ्या वाट्याला.

"फोटोत दिसत नाही," मी म्हणाले.

"फोटो काढताना हसायची नाही ती. दात पुढे आहेत म्हणायची." हे जरा हसले. मग म्हणाले, "अंधूक झालं गं. दिसेनासं झालं."

फोकस मी जुळवलेला होता आणि तो जराही हलला नव्हता. तरी मी पुढे वाकून चाक थोडं मागे, थोडं पुढे केलं.

"आता?"

यांनी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा वाकले. "हां. आता दिसतंय."

मी बाहेर आले. समोरून जीनवाली हातात नळ्यांचा ट्रे घेऊन येत होती. "काकू, आत जाऊ ना?"

"थांब जरा," मी म्हणाले. "आमच्या घरची माणसं आहेत आत."

आणि दार ओढून घेऊन, ती दोघं बाहेर येईपर्यंत कुणी मध्ये जाऊ नये म्हणून, मी तिथेच पाठ लावून उभी राहिले.